घर ‘ऐतिहासिक’ कधी होतं?

गेल्या वीकेंडला शिकागोत दोन घरं बघितली. दोन्ही जतन केलेली, दोन्ही इतिहासजमा. पण डोक्यात भुंगा लागला तो दुसऱ्याने.

पहिलं रॉबी हाऊस. फ्रँक लॉइड राइटने एका सायकल कारखानदाराच्या मुलासाठी १९१० च्या सुमारास बांधलेलं. १९५७ मध्ये ते पाडायचं ठरलं, तेव्हा नव्वदीला टेकलेला राइट स्वतः निषेध करायला आला. घर वाचलं. २०१९ मध्ये युनेस्कोच्या यादीतही गेलं.

दुसरं म्हणजे जेन अ‍ॅडम्स होम्सची शेवटची उरलेली इमारत. १९३८ ची सरकारी वसाहत, कमी पगारवाल्यांसाठी. बाकी सगळी पाडली. ही एक मात्र जुन्या रहिवाशांनी नेट लावून वाचवली. २०२५ मध्ये तिथे सार्वजनिक घरांचं म्युझियम सुरू झालं. पूर्वी राहिलेल्या कुटुंबांची घरं आत जशीच्या तशी मांडलीयत.

बरोबरचा मित्र म्हणाला, “अरे, पण या वसाहतींची वाट लोकांनीच लावली ना?”

हे आपण सगळेच पटकन म्हणतो. रॉबर्ट टेलर होम्सचंच बघा. सोळा मजल्यांच्या २८ इमारती, १९६२ ला पूर्ण झाल्या, २००७ पर्यंत सगळ्या जमीनदोस्त. देखभालीचा खर्च भाड्यातून निघेल असा मूळ हिशोब होता. भाडेकरू गरीब होत गेले, भाडं आटलं, सरकारी मदत पुरेना. मग लिफ्ट बंद, दुरुस्त्या पुढच्या वर्षी... मेंटेनन्सचं बजेट काढून घ्यायचं आणि सिस्टिम कोसळली की युजरला शिव्या घालायच्या! आपल्या धंद्यात हे नवीन आहे का?

गंमत म्हणजे, रॉबी हाऊसचीही दुर्दशा झाली होतीच. पण तिथे राहणाऱ्यांची लायकी कुणी काढली नाही. पैसे उभे केले, वर्षानुवर्षं काम करून घर पूर्ववत केलं.

सगळ्याच इमारती ठेवायला हव्या होत्या असं मी म्हणत नाही. काही ठिकाणी राहणं खरंच नरक झालं होतं. पण वास्तू टिकते ती नुसती सुंदर असते म्हणून नाही. तिच्यावर खर्च करावासा कुणाला तरी वाटतो, म्हणून टिकते. श्रीमंताच्या घराबाबतीत तसं वाटायला आपल्याला फार वेळ लागत नाही. गरिबाच्या घरासाठी मात्र त्यालाच भांडावं लागतं, तेव्हा कुठे वसाहतीतली एक इमारत उरते.

असो. शिकागोला आलात तर रॉबी हाऊस बघालच. दुसरं घरही चुकवू नका.