चॅटबॉट जबाब नोंदवत नाही

लैंगिक अत्याचार झालेल्या बाईचं रात्री दोन वाजता ऐकून घेणारं कोणी नसतं. चॅटबॉट जागा असतो. तो लाजवत नाही, 'तिथे गेलीसच कशाला' असं विचारत नाही, कंटाळत नाही. हा युक्तिवाद मी चर्चासत्रांत इतक्यांदा ऐकलाय की पुढचं वाक्यही पाठ झालंय: बायका बोलत नाहीत, तंत्रज्ञान त्यांना बोलतं करेल.

कोणत्या बायका बोलल्या नाहीत? 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात अत्याचार झालेली आदिवासी मुलगी मथुरा बोलली. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं. राजस्थानातल्या भटेरीच्या भंवरी देवी 1992 मध्ये बोलल्या. 1995 मध्ये जयपूरच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केलं. वरच्या जातीचे पुरुष खालच्या जातीच्या बाईला शिवणार नाहीत, या छापाचा तर्क त्यामागे होता. हाथरसच्या मुलीने 2020 मध्ये इस्पितळात दंडाधिकाऱ्यासमोर जबाब दिला. तिचं प्रेत पोलिसांनी रातोरात जाळलं, आणि 2023 मध्ये न्यायालयाने एकालाही बलात्कारासाठी दोषी धरलं नाही.

गप्प राहणाऱ्याही पुष्कळ आहेत. पण शब्द सापडत नाहीत म्हणून त्या गप्प नाहीत. बोलल्यावर काय होतं हे त्यांनी पाहिलेलं असतं.

मी दोन चॅटबॉटना मराठीत विचारून पाहिलं: शेतमालकाच्या मुलाने बलात्कार केला, काय करू? उत्तर सफाईदार आलं. तुमची चूक नाही. 112 किंवा 181 ला फोन करा. सुरक्षित ठिकाणी जा. विश्वासातल्या व्यक्तीशी बोला. चुकीचं त्यात काहीच नाही. पण सुरक्षित ठिकाण कुठलं? घर त्याच गावात, मजुरी त्याच शेतात, पोलीस पाटील त्याच भावकीतला. जात एकानेही विचारली नाही. मी ती लिहिली, तेव्हा कुठे ॲट्रॉसिटी कायदा उत्तरात आला.

आणि तिथेच तर खटला बदलतो. ॲट्रॉसिटी लागली की तपास डीवायएसपी किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याकडे जातो. एफआयआरआधी प्राथमिक चौकशी लागत नाही. 2016 च्या दुरुस्त नियमांत बलात्काराच्या प्रकरणात 5 लाखांचं अर्थसाहाय्य आहे, त्यातलं निम्मं वैद्यकीय तपासणी आणि तिच्या अहवालानंतर मिळायला हवं. जात न पाहण्याचा मोठा अनुभव आपल्या न्यायालयांनाही आहे म्हणा: खैरलांजीत 2008 मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने खुनासाठी शिक्षा दिल्या, पण ॲट्रॉसिटी लागू धरली नाही. चॅटबॉट हेच आंधळेपण गोड आवाजात शिकलाय.

चॅटबॉटशी बोललेलं गुप्त राहतं, हाही भ्रम आहे. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनीच 2025 मध्ये सांगितलं की डॉक्टर-वकिलाशी झालेल्या बोलण्याला असतं तसं कायद्याचं संरक्षण या बोलण्याला नाही. धक्क्यात असलेली बाई लिहिते, 'मला नीट आठवत नाही', 'माझीच चूक असेल का'. हे आरोपीच्या वकिलाच्या हाती लागलं तर उलटतपासणी कशी होईल, ते कोर्टात एक दिवस बसलेल्याला सांगावं लागत नाही. आणि फोन कुणाचा? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-5 नुसार स्वतः वापरता येईल असा मोबाईल 54 टक्के बायकांकडेच आहे. बाकीच्यांनी नवऱ्याच्या फोनवर लिहायचं?

मग याची एवढी भलामण का? कारण माणसापेक्षा ते स्वस्त पडतं. अमेरिकेत नॅशनल इटिंग डिसऑर्डर्स असोसिएशनच्या हेल्पलाइनवरच्या कर्मचाऱ्यांनी युनियन केली, संस्थेने 2023 मध्ये हेल्पलाइनच बंद करायचं जाहीर केलं आणि लोकांना 'टेसा' नावाच्या चॅटबॉटकडे वळवलं. खाण्याच्या विकाराने ग्रासलेल्यांना टेसा वजन घटवण्याचे सल्ले देते हे उघड झाल्यावर तीही बंद करावी लागली. आपल्याकडे उत्तर प्रदेशात 2020 मध्ये 181 चालवणाऱ्या शेकडो बायका थकलेल्या पगारासाठी आणि नोकरीसाठी आंदोलनाला बसल्या होत्या. त्या रात्री दोनला फोन उचलत होत्या. त्यांना पगार द्यायला पैसा नाही आणि ॲपच्या उद्घाटनाला आहे, हे मला मान्य नाही.

आता तुमच्याशी. घराण्यात पहिली पदवी ज्याच्याकडे असते त्याला हे फोन येतातच: 'ताई, तू शिकलेली, सांग काय करायचं.' अशा वेळी मशीनकडून कलम शोधून घ्या, अर्जाचा मसुदा करून घ्या, तो मूळ कायद्याशी ताडून पाहा. तिचं नाव, गाव, घडलेलं त्यात टाकू नका. ते तुम्ही ऐका, आणि तिच्याबरोबर ठाण्यात जा. सामाजिक कार्यकर्ता, संस्था किंवा वकील यांची मदत घेण्याचा हक्क कलम 15अ तिला देतं. अंगावरचे कपडे न धुता जपून ठेवायला सांगा. जातीचा दाखला असेल तर घ्या, नसेल तर त्यासाठी थांबू नका. हद्दीचं कारण सांगितलं तर झीरो एफआयआर मागा. ठाणेदार टाळाटाळ करत असेल तर त्याचं नाव आणि वेळ तिथेच लिहून ठेवा: दलित-आदिवासी नसलेल्या लोकसेवकाने या कायद्याखालचं कर्तव्य मुद्दाम टाळलं तर कलम 4 खाली 6 महिने ते 1 वर्ष कैद आहे. चॅटबॉटला अशी कैद होत नाही. तोंडी दिलेली फिर्याद तिला वाचून दाखवायची आणि मगच सही घ्यायची, हेही त्याच कलमात आहे. वाचून दाखवायला लावा. तिने सांगितलेली जातिवाचक शिवी शब्दशः उतरली आहे का ते पाहा, नसेल तर सही करू देऊ नका. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती हातात आल्यावरच ठाण्यातून निघा.