दिनविशेष : १७ सप्टेंबर



१७ सप्टेंबरला आपल्या नायगावात झेंडावंदन होते. १९४८ साली याच दिवशी निजामाने शरणागती पत्करली व मराठवाडा मुक्त झाला. हे मुलांना शाळेत कळते. पुढचे घरी सांगावे.

१८६४ : अनागारिक धम्मपाल यांचा कोलंबो येथे जन्म. १८९१ साली महाबोधी सोसायटी स्थापून बुद्धगयेच्या महाविहारासाठी आयुष्यभर झटले.

१८७९ : पेरियार रामस्वामी यांचा इरोड येथे जन्म. वायकोमला मंदिराभोवतीचे रस्ते अस्पृश्यांना खुले व्हावेत म्हणून १९२४ साली तुरुंगवास भोगला.

१८८५ : प्रबोधनकार ठाकरे यांचा पनवेल येथे जन्म. भिक्षुकशाहीवर लेखणीचे आसूड ओढले.

निजाम गेला, पण जात गेली नाही. मुक्तीनंतर ३० वर्षांनी, ऑगस्ट १९७८ मध्ये, नामांतराच्या दंगलीत आपल्याच नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे यांना ठार मारण्यात आले. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागले ते १४ जानेवारी १९९४ रोजी. म्हणून तिरंग्याला वंदन करून आल्यावर आम्ही मुलांना एवढेच सांगतो, की १७ सप्टेंबरला राजवट संपली. माणसाच्या मुक्तीचा लढा अजून चालूच आहे.

जयभीम!