जगाचे ओझे आणि आपला खांदा

एखाद्या राष्ट्राने परक्या देशात सैन्य धाडले की थोड्याच दिवसांत त्याची मागणी येते: हे कार्य सर्वांच्या हिताचे आहे, तेव्हा त्याचा भार इतरांनीही उचलावा. ही मागणी रास्त आहे काय? प्रश्न दूरचा वाटतो. परंतु सैनिक ज्या घरातून जातो ते घर तिगावसारख्या गावातच असते. म्हणून सुज्ञ वाचकांनी त्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

असा भार आपल्या लोकांनी पूर्वी वाहिला आहे. पहिल्या महायुद्धात १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढल्या. कुत येथे त्या वेढ्यात सापडल्या आणि उपासमारीने जर्जर झालेल्या त्या सेनेस २९ एप्रिल १९१६ रोजी शरण जावे लागले. पुढल्याच वर्षी हिंदुस्थानच्या तिजोरीतून ब्रिटनला युद्धखर्चासाठी दहा कोटी पौंड देऊ करण्यात आले. त्यास देणगी म्हटले गेले. परंतु ज्यांच्या साऱ्यातून तिजोरी भरत होती त्या कास्तकारांस कोणी विचारले नव्हते. निर्णय लंडनचा, रक्त आणि पैसा आपला! यास भाराची वाटणी म्हणता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९५० साली कोरियात युद्ध पेटले, तेव्हा भारताने लढाऊ फौज न धाडता जखमींच्या शुश्रूषेसाठी वैद्यकीय पथक धाडले. १९५३ मध्ये युद्धविराम झाल्यावर मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक कैद्यांची राखण भारतीय सेनेने पत्करली. तिचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात हे मराठीच होते. भार उचलणे म्हणजे शस्त्र उचलणेच नव्हे, हे तेथे दिसून आले.

काँगोत मात्र प्राणही द्यावे लागले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या हाकेवरून भारताने १९६१ मध्ये तेथे एक ब्रिगेड पाठविली; कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया ५ डिसेंबर १९६१ रोजी धारातीर्थी पडले. इकडे रशिया व फ्रान्स यांनी त्या मोहिमेच्या खर्चाचा वाटा देण्याचे नाकारले. हा खर्च संघाचाच होय, असे मत जागतिक न्यायालयाने १९६२ मध्ये नऊ विरुद्ध पाच मतांनी दिले. तरीही थकबाकीचा तंटा मिटला नाही. सभेत बसून मत द्यायचे आणि खर्चाच्या वेळी हात आखडायचा, हे न्यायाचे नव्हे.

आता दुसरी बाजू. १९९१ च्या आखाती युद्धास संघाची संमती होती, आणि अमेरिकेच्या खर्चाचा बहुतेक भाग सौदी अरेबिया, कुवेत, जपान, जर्मनी इत्यादी देशांनी भरून दिला. २००३ साली मात्र अमेरिकेने अशा संमतीवाचून इराकवर स्वारी केली व मागाहून भारताकडे सैन्य मागितले. संघाचा स्पष्ट आदेश नसल्याने वाजपेयी सरकारने त्याच वर्षी जुलैमध्ये नकार दिला. तो नकार भित्रेपणाचा नव्हता. शेजाऱ्याने कोणास न विचारता विहीर खणावी आणि मागाहून वर्गणीची चिठ्ठी घरोघर धाडावी, तर गाव ती मानील काय?

तात्पर्य इतकेच की, भार वाटून घ्यावा. परंतु आधी विचार वाटून घ्यावा. जे सर्वांनी मिळून ठरविले त्याचा वाटा कोणीही चुकवू नये. जे एकाने ठरविले ते त्याने स्वतः निस्तरावे.

आणखी एक गोष्ट विसरू नये. शांतिसेनेच्या खर्चात २०२२ ते २०२४ या काळात अमेरिकेचा वाटा सुमारे २७ टक्के, तर चीनचा सुमारे १९ टक्के ठरला होता. सैनिक मात्र मुख्यत्वे नेपाळ, बांगलादेश, रवांडा, भारत अशा देशांचे असतात. आजवर दीडशेहून अधिक भारतीय या सेवेत कामी आले. धनवानाने पैसा द्यावा आणि गरिबाने पुत्र द्यावा, ही वाटणी हिशेबाच्या वहीत कितीही जुळली, तरी ज्या घरी तो पुत्र परत आला नाही तेथे ती कधीच जुळत नाही.