न विणणारा कोळी आणि गोदामांचे गाव

2008 सालच्या 26 नोव्हेंबरच्या रात्री गिरगाव चौपाटीवर अजमल कसाबची बंदूक अंगावर गोळ्या झेलूनही न सोडणारे सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांचे नाव 2021 साली एका कोळ्याला देण्यात आले. ध्रुव प्रजापती, जॉन कॅलेब, सोमनाथ कुंभार व राजेश सानप या संशोधकांनी ठाणे-कल्याण परिसरातून उडी मारणाऱ्या कोळ्यांची ही नवी जात नोंदविली आणि मॉस्कोहून निघणाऱ्या ‘आर्थ्रोपोडा सिलेक्टा’ या नियतकालिकात ‘आयसियस तुकारामी’ या नावाने तिचे वर्णन प्रसिद्ध केले. हुतात्म्याच्या गौरवाची वार्ता सर्वत्र झळकली आणि ते योग्यच झाले. परंतु ज्या जीवाला हे नाव मिळाले, तो ज्या भूमीवर राहतो तिचे काय चालले आहे, याची विचारपूस त्या गौरवाच्या गडबडीत कोणी केली नाही. कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याजवळचा पूल ओलांडला की कोनगाव लागते आणि तेथून भिवंडी तालुका सुरू होतो. खाडी ही माणसाच्या महसुली नकाशावरील हद्द आहे. कोळ्याच्या लेखी दोन्ही तीर सारखेच.

भिवंडी सुतावर जगते. या यंत्रमागांच्या गावात घराघरांच्या भिंतींवर वावरणारा हा कोळी मात्र भक्ष्यासाठी जाळे विणत नाही. तो दबा धरतो, अंतर जोखतो आणि झेप घेतो; चुकलाच तर आधार म्हणून एक धागा तेवढा मागे बांधून ठेवतो. त्याच्या आठ डोळ्यांपैकी समोरचे दोन मोठे डोळे हा गेली काही वर्षे संशोधनाचा मोठा विषय झाला आहे. आपल्याकडच्या घरांतही आढळणाऱ्या ‘हसॅरियस अडान्सोनी’ या जातीवर जपानी शास्त्रज्ञांनी केलेले प्रयोग 2012 साली प्रसिद्ध झाले. या डोळ्याच्या पडद्याला एकावर एक असे थर असतात. एका थरावर प्रतिमा स्पष्ट, तर दुसऱ्यावर धूसर उमटते आणि त्या धूसरतेच्या प्रमाणावरून कोळी अंतर ठरवितो, असे त्यात दिसून आले. हिरव्या प्रकाशात त्याची झेप अचूक पडे. केवळ लाल प्रकाशात ठेवले की ती तोकडी पडे.

2022 साली जर्मनीतील डॅनिएला रोस्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी याहून विस्मयकारक गोष्ट मांडली. धाग्याला लटकून रात्र काढणाऱ्या कोवळ्या कोळ्यांच्या डोळ्यांच्या आतील नळ्या ठरावीक कालांतराने हलतात आणि त्याच वेळी पाय आखडतात. या पिलांचे अंग पारदर्शक असल्याने ही हालचाल बाहेरून दिसू शकते. माणसाला ज्या निद्रावस्थेत स्वप्ने पडतात, तिच्याशी हे लक्षण जुळते. कोळ्याला स्वप्न पडते असे मात्र कोणी सिद्ध केलेले नाही. संशोधकांनीही तसा दावा केला नाही आणि हा संयम उल्लेखनीय आहे. तितकीच उल्लेखनीय बाब साधनांची. अंधारात टिपणारा कॅमेरा, एक भिंग आणि रात्र-रात्र पाहण्याची चिकाटी एवढ्या भांडवलावर हा शोध सुरू झाला. तालुक्याच्या गावातील महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला यातले काहीही परवडणार नाही, असे म्हणता येणार नाही.

अर्थात वर्तनाचा अभ्यास करण्याआधी जीवाला नाव हवे. भारतीय कोळ्यांचा पाया घालणारा पोकॉक यांचा ग्रंथ 1900 सालचा. पुढे भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे बी. के. टिकादर यांनी पुण्यात राहून या विषयाची मोठी बैठक तयार केली. पण जाती ओळखणारे तज्ज्ञ मूठभर आणि काम अफाट, ही स्थिती पालटलेली नाही. त्यातच कोळ्याची जात बहुधा पूर्ण वाढ झालेल्या नर-मादीच्या प्रजननेंद्रियांवरूनच खात्रीने ठरते. म्हणजे एकाच जागी निरनिराळ्या ऋतूंत जावे लागते. उन्हाळ्यात एक फेरी मारून केलेली यादी अपुरी असणारच.

आणि येथेच भिवंडीचा प्रश्न उभा राहतो. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, पण मुंबईच्या उंबरठ्यावर, ही या तालुक्याची सोय व्यापाऱ्यांनी फार पूर्वी हेरली. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे, माणकोली या गावांच्या भातखाचरांवर भराव पडला आणि पत्र्याची गोदामे उभी राहिली. 2017 साली जकात गेली, गोदामे मात्र वाढतच राहिली. त्यांनी हजारोंच्या हाताला काम दिले, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्या शेतकऱ्याला भाताने दिले नाही ते भाड्याने दिले, त्याला कोळ्यासाठी बांध राखून ठेव असे सांगणे हा उपहासच ठरेल. प्रश्न बांधकाम थांबविण्याचा नाही. भराव टाकण्यापूर्वी तेथे काय होते, एवढे लिहून ठेवण्याचा आहे. 2006 च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेनुसार 20 हजार चौरस मीटरपेक्षा कमी बांधकामाला पूर्वमंजुरी लागत नाही. साहजिकच सुटी सुटी गोदामे या चाळणीतून निसटतात आणि त्यांची बेरीज कोणीच करीत नाही.

कायदा नाही असे नव्हे. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेवर समिती नेमण्याचे बंधन घातले आणि लोकजैवविविधता नोंदवही करणे हे त्या समितीचे काम ठरले. कामाला गती येईना, तेव्हा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2020 च्या जानेवारीअखेरची मुदत घालून त्यानंतर दरमहा 10 लाख रुपये भरण्याची ताकीद दिली. दंडाच्या धाकाने वह्या भरल्या जातात. पण धाकाने भरलेल्या वहीत वड-पिंपळ आणि मोर-पोपट सापडतात, बांधावरच्या गवतातला कोळी सापडत नाही. ही वही वर्षाच्या तिन्ही ऋतूंत, स्थानिक महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या हातून भरली गेली आणि जमीन बिगरशेती करण्याच्या प्रत्येक प्रस्तावाला त्या गटाचा उतारा जोडणे सक्तीचे झाले, तर गोदामाचा खर्च नाममात्रच वाढेल. परवानगीच्या कागदांत सातबारा लागतोच. त्याच्या मागे आणखी एक पान लावावे लागेल, इतकेच.