ओळखीचे फळ आणि नवखे फळ

परळीहून बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावरील सिरसाळा गावच्या शेतकऱ्यास सीताफळाचे नवल ते काय वाटणार? पावसाळा सरत आला की बालाघाटच्या डोंगरातून सीताफळाच्या पाट्या खाली उतरतात आणि दसरा-दिवाळीपर्यंत रस्त्याच्या कडेला मिळेल त्या भावाने विकल्या जातात. ज्या झाडाला कोणी खत घातले नाही, पाणी दिले नाही, त्याचे मोल मनात ठसत नाही, हा मनुष्यस्वभावच आहे. त्याच शेतकऱ्याच्या कानी अलीकडे ड्रॅगन फळाचे नाव पडू लागले आहे. निवडुंगाच्या कुळातील हे गुलाबी, खवलेदार फळ शहरातील दुकानांत चांगल्या भावाने विकले जाते. तेव्हा माळाच्या दोन एकरांत सिमेंटचे खांब उभे करावेत की काय, हा विचार त्याच्या मनात घोळू लागला तर त्यात आश्चर्य नाही.

या प्रश्नाचे उत्तर देताना काही जाणती मंडळी देशी आणि परदेशी असा भेद पुढे करतात. हा भेद फारसा टिकणारा नाही. सीताफळाचे नाव सीतामाईच्या वनवासाशी जोडले गेले असले, तरी बहुसंख्य वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मते या झाडाचे मूळ स्थान अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशात आहे. ड्रॅगन फळाचे मूळही तिकडचेच. मिरची, टोमॅटो, भुईमूग, पपई ही सारी त्याच खंडातून आलेली मंडळी होत. बटाटा, अननस व काजू यांनी तर पोर्तुगीजांकडून आपली नावेही बरोबर आणली. मिरचीवाचून आज मराठवाड्यातील शेतकऱ्याची भाकरी घशाखाली उतरत नाही. सबब, नवे पीक लावणाऱ्यास हसण्याचे कारण नाही. आणि केवळ नवे म्हणून त्याच्यामागे धावण्याचेही नाही.

खरा भेद आहे तो दुष्काळाच्या वर्षीचा. २०१२-१३ च्या अवर्षणात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या कित्येक बागा उभ्या वाळल्या. वर्षानुवर्षे जोपासलेली झाडे तोडून त्यांचे सरपण करण्याची पाळी बागाईतदारांवर आली. सीताफळाची रीत निराळी आहे. उन्हाळ्यात ते पाने गाळून स्वस्थ निजते आणि मृगाच्या पावसाबरोबर पुन्हा पालवते. त्याच्या पाल्याला शेळी तोंड लावीत नाही, म्हणून उघड्या माळावरही ते टिकते. या बाबतीत ड्रॅगन फळही अगदीच उणे नाही. निवडुंगाप्रमाणे ते रात्री श्वसनरंध्रे उघडते व थोड्या पाण्यावर निभावून नेते. मात्र मराठवाड्यातील वैशाखाचे ऊन त्याच्या खोडाला पोळते व तेथे सावलीची सोय करावी लागते. काळ्या जमिनीत पाणी साचल्यास त्याची मुळे कुजतात, ती गोष्ट वेगळीच.

परंतु दोहोंतील मोठे अंतर भांडवलाचे आहे. सीताफळ ५ मीटर बाय ५ मीटर अंतरावर लावल्यास एकरी सुमारे १६० कलमे पुरतात. खड्डा, शेणखत व पहिल्या दोन उन्हाळ्यांचे पाणी एवढीच त्यांची मुख्य मागणी असते. ड्रॅगन फळ ३ मीटर बाय ३ मीटरवर लावावयाचे म्हटले, तर एकरी सुमारे ४५० खांब, त्यांवर तेवढीच चक्रे आणि प्रत्येक खांबाशी चार याप्रमाणे १,८०० रोपे लागतात. हा सारा पैसा पहिल्याच वर्षी जमिनीत गाडावा लागतो. ऊसतोडीला जाण्यापूर्वी मुकादमाकडून उचल घेणाऱ्या कुटुंबाने तो कोठून आणावा? शिवाय आजचा भाव हा दुर्मिळपणाचा भाव आहे. व्हिएतनामसारखा देश हे फळ मोठ्या प्रमाणावर पिकवतो, आणि आपल्याकडेही लागवड वाढू लागली आहे. भाव आहे तेथेच राहील असे धरून कर्ज काढणे शहाणपणाचे नव्हे.

तथापि सीताफळाचा दोष झाकून ठेवण्यात अर्थ नाही. काढणीनंतर तीन-चार दिवसांत ते मऊ पडते. शीतगृहात अधिक गारव्यात ठेवले, तर साल काळी पडते. गर तापवून टिकवावा, तर तो कडवट होतो. गर काढून गोठवणे हाच त्यावर खरा उपाय आहे, आणि ते काम एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातील नाही. रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवडीची सांगड १९९० साली घातली गेली. त्यामुळे माळावर झाडे उभी राहिली. लावण्यास साहाय्य मिळाले, विकण्याची वाट मात्र अरुंदच राहिली. बीडच्या सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही अभिमानाची गोष्ट खरी. पण मानांकनाने फळ एक दिवसही जास्त टिकत नाही. गावोगावच्या उत्पादकांनी एकत्र येऊन गर गोठवण्याची सोय उभी करावी व शासनाने आपले साहाय्य प्रथम तिकडे वळवावे, हे अधिक निकडीचे आहे.

ज्याच्याजवळ विहिरीला पाणी व हाती चार पैसे आहेत, त्याने पाच-दहा गुंठ्यांत ड्रॅगन फळ अवश्य करून पाहावे. जिराईत माळ असलेल्याने मात्र सीताफळच धरावे, आणि तेही बियांपासून नव्हे, तर कलमांचे. अंबाजोगाईचे सीताफळ संशोधन केंद्र सिरसाळ्यास काही दूर नाही. धारूरचे नाव धारण करणारा 'धारूर-६' हा वाण तेथलाच. डोंगरात आपोआप उगवलेल्या हजारो झाडांत यापेक्षाही सरस असे एखादे झाड नसेलच असे कोणी सांगावे? सीताफळे गोळा करणाऱ्या बायाबापड्यांना कोणत्या झाडाचे फळ मोठे, कोणत्याचे कमी बियांचे, हे नेमके ठाऊक असते. असे झाड आढळल्यास आश्विनातच त्यास खूण करून ठेवावी व केंद्रास कळवावे. कलमासाठी काड्या पुढे त्याच झाडावरून घ्यावयाच्या असतात, आणि एकदा पाने गळाली की झाड ओळखू येत नाही.