मियाझाकींचं स्वतःशीच भांडण

मूळ मांगा श्रेष्ठ की तिच्यावरचा अ‍ॅनिमे, या वादात बहुतेकांचा निकाल आधीच लागलेला असतो. दिग्दर्शकाला मूळ गोष्ट कळली नाही, स्टुडिओने घाई केली, शेवट बदलला, ही ठरलेली फिर्याद. पुष्कळदा ती खरीही असते. पण ‘वाऱ्याच्या खोऱ्यातली नाउसिका’ पुढे ठेवली की या फिर्यादीला आरोपीच सापडत नाही. मांगा हायाओ मियाझाकी यांची आणि चित्रपटही त्यांचाच. मूळ गोष्ट त्यांना कळली नाही असं म्हणायची सोय नाही. तरीही दोन्हींत इतकं अंतर पडलं आहे की एकाच माणसाने हे दोन्ही केलं यावर विश्वास बसायला वेळ लागतो.

मांगा जन्मालाच आली ती चित्रपट नाकारला गेला म्हणून. मियाझाकींच्या नावावर तेव्हा ‘कॅसल ऑफ कॅग्लिओस्त्रो’ हा एकच चित्रपट होता. ‘अ‍ॅनिमेज’ मासिकाच्या संपादक मंडळातल्या तोशिओ सुझुकींनी त्यांच्या कल्पना वर पाठवल्या, तर उत्तर आलं की मूळ मांगा नसलेल्या गोष्टीवर पैसे लावता येणार नाहीत. मग मांगाच काढा, असं ठरलं. तिच्यावर चित्रपट करायचा नाही या अटीवर मियाझाकी तयार झाले आणि फेब्रुवारी १९८२ पासून ती ‘अ‍ॅनिमेज’मध्ये येऊ लागली. अट दोन वर्षंही टिकली नाही. ११ मार्च १९८४ ला चित्रपट जपानच्या पडद्यावर होता. मियाझाकींचा घिबली स्टुडिओ तेव्हा अस्तित्वात नव्हता. काम टॉपक्राफ्ट या स्टुडिओने केलं आणि निर्माते होते इसाओ ताकाहाता.

म्हणजे चित्रपट निघाला तेव्हा मांगेचा पायाच काय तो भरून झाला होता. पुढे ती सात खंडांपर्यंत गेली आणि मार्च १९९४ मध्ये संपली. मधल्या काळात ‘लापुता’, ‘तोतोरो’, ‘किकी’, ‘पोर्को रोसो’ असे चित्रपट होत राहिले आणि प्रत्येक वेळी मांगा थांबून पुन्हा सुरू झाली. चित्रपटाच्या ११७ मिनिटांत जे आहे ते साधारण पहिल्या दोन खंडांमधलं, तेही बरंच फिरवून.

या फिरवण्यातला एक बदल मला सगळ्यांत मोठा वाटतो. चित्रपटात युद्ध नाउसिकाच्या घरी येतं. तोल्मेकिया या बलाढ्य राज्याचं सैन्य खोऱ्यात उतरतं, आजारी राजाला, तिच्या वडिलांना, अंथरुणातच मारतं, आणि संतापाने आंधळी झालेली ही मुलगी समोर येतील त्या सैनिकांना कापून काढते. प्रसंग जबरदस्त आहे आणि प्रेक्षकाची बाजूही तिथेच ठरून जाते. मांगेत वडील आजाराने जातात. खोरं तोल्मेकियाचं मांडलिक आहे, करारानुसार राजाने सम्राटाच्या मोहिमेवर जायचं आहे, आणि वडिलांच्या जागी नाउसिका जाते. इथे ती स्वतः उठून युद्धाकडे गेली आहे, तेही आक्रमण करणाऱ्यांच्या बाजूने. समोर आहे दोरोक साम्राज्य, ज्याचा चित्रपटात मागमूस नाही. तोल्मेकियाची राजकन्या कुशाना हिच्या घोडदळाबरोबर ती एका चढाईत सामील होते. तिच्या भोवती माणसं मरतात, त्यातली काही केवळ तिला वाचवण्यासाठी. चित्रपटातली नाउसिका निष्पाप राहू शकते. मांगेतल्या नाउसिकाला ती सवलत मिळत नाही.

कुशानाचं तर चित्रपटाने नुकसानच केलं. तिथे ती धातूचा हात असलेली, विषारी अरण्यातल्या महाकाय कीटकांचा सूड घ्यायला निघालेली सेनानी आहे. मांगेतली कुशाना धडधाकट आहे आणि तिचे शत्रू घरातच बसले आहेत: बाप आणि भाऊ. त्यांनी तिला मरायला पाठवलं आहे हे तिला ठाऊक आहे आणि तिच्यावर जीव टाकणाऱ्या सैनिकांनाही. सात खंड वाचून झाल्यावर मला नाउसिकापेक्षा तिचीच पानं जास्त आठवतात.

पण चित्रपटाला कमी लेखायची माझी तयारी नाही. उडणं पडद्यावरच बघावं. नाउसिका मेव्हे या आपल्या ग्लायडरवर पोटावर झोपून वाऱ्यात झेपावते तेव्हा हवेला वजन आहे असं वाटतं; जो हिसाइशींचं संगीत मागून येतं आणि खोरं, वारा, पवनचक्क्या यांची ओळख संवादांशिवाय होऊन जाते. कागदावर मियाझाकी दाट काम करतात. चौकटी लहान, एकेका पानावर भरपूर, रेघा तपकिरी शाईत छापलेल्या, प्रत्येक कोपऱ्यात काहीतरी चाललेलं. भरभर पानं उलटायची सवय असलेला वाचक इथे अडखळतो. आकाशातल्या झटापटीत कुठलं विमान कुणाचं हे मला काही पानांवर दोनदा बघावं लागलं. आणि पडद्यावरचा तो अर्धवट शिजलेला महादैत्य, जुन्या जगाचं ते जिवंत शस्त्र, आग ओकता ओकता स्वतःच वितळून पडणारा! ते दृश्य हिदेआकी आन्नो नावाच्या तरुण अ‍ॅनिमेटरने केलं. ‘इव्हँजेलियन’ मालिकेची त्याची कीर्ती अजून अकरा वर्षं दूर होती.

खरा प्रश्न शेवटाचा. चित्रपटात नाउसिका ओमू नावाच्या पिसाळलेल्या महाकाय कीटकांच्या लोंढ्यासमोर उभी राहते, मरते, आणि ओमू आपल्या सोनेरी सोंडांवर उचलून तिला जिवंत करतात. जुनं भाकीत खरं ठरतं, म्हातारी आजी रडते, प्रेक्षकही रडतात. मियाझाकींनी आधी आखलेला शेवट ती लोंढ्यासमोर उतरते तिथेच थांबत होता. ताकाहाता आणि सुझुकी यांच्याशी चर्चा होऊन तिचं मरणं आणि जिवंत होणं आलं. आपण एक धार्मिक चित्र करून बसलो, ही बोच मियाझाकींना पुढे राहिली. ताकाहातांनी तर निर्माता म्हणून शंभर आणि मित्र म्हणून तीस गुण दिले होते. असा मित्र असला की माणूस बारा वर्षं मांगा काढत बसतो, यात नवल नाही.

चित्रपटाचा सगळा दिलासा एका शोधावर उभा आहे. माणसांच्या जगावर पसरत चाललेलं विषारी अरण्य हे निसर्गाचं औषध आहे. झाडं मातीतलं विष शोषून घेतात आणि अरण्याच्या तळाशी स्वच्छ हवा, स्वच्छ वाळू तयार होते. मिनामाताच्या खाडीत पाऱ्याचं विष भिनल्यावर मासेमारी थांबली आणि काही काळाने तिथे मासे पुन्हा दिसू लागले, ही हकीकत मियाझाकींच्या मनात होती. चित्रपट इथे थांबतो आणि आपण घरी जातो.

मांगा पुढे जाऊन हाच शोध उलटा करते. अरण्य नैसर्गिक नाहीच. जुन्या जगातल्या माणसांनीच ते पृथ्वी धुऊन काढण्यासाठी बनवलं आहे. ओमूसुद्धा बनवलेले. इतकंच नाही, आजची माणसंही बदललेली आहेत. थोडं विष अंगात मुरवूनच ती जगू शकतात, आणि ज्या शुद्ध हवेचं स्वप्न नाउसिका बघत आली ती हवा त्यांची फुप्फुसं फाडील. शुद्ध जगात राहायला शांत, निवडक माणसांची अंडी दोरोकांच्या शुवा नगरीतल्या समाधिगृहात जपून ठेवली आहेत. समाधिगृहाचा स्वामी सांगतो की तुम्हालाही पूर्ववत करायची विद्या आमच्याकडे आहे, फक्त सहकार्य करा. नाउसिका नकार देते. तिला आई मानणाऱ्या महादैत्याकडून ती समाधिगृह उद्ध्वस्त करवते, अंड्यांसकट आणि त्या विद्येसकट. आणि बाहेर येऊन लोकांना खरं काय ते सांगत नाही.

हे वाचून माझं डोकं बराच काळ भणभणत होतं. सगळ्या मानवजातीच्या वतीने एका मुलीने हा निर्णय घ्यावा? पुन्हा तो लपवावा? मला तिचं पटतं असं मी म्हणणार नाही. पण मांगा तिला संत करून सोडत नाही. समाधिगृहाचं रक्त आणि ओमूंचं रक्त एकच आहे हे तिला दिसतं आणि ते ओझं घेऊनच ती परत फिरते. मांगा चालू होती त्या बारा वर्षांत सोव्हिएत संघ कोसळला, युगोस्लाव्हियात शेजारी शेजाऱ्याच्या जिवावर उठला, आणि डाव्या विचारांत वाढलेल्या मियाझाकींना याचा धक्का बसला. वरून आखून दिलेल्या स्वच्छ भविष्यावरचा त्यांचा विश्वास उडाल्याची खूण शेवटच्या खंडात पानोपानी आहे. १९८४ साली हा शेवट त्यांना सुचलाच नसता. चित्रपटातला चमत्कार त्यांना खुपला नसता तर पुढेही सुचला असता की नाही, शंका आहे.

अमेरिकेत या चित्रपटाचं ‘वॉरियर्स ऑफ द विंड’ नावाने जे झालं ते वाचलेलंच बरं. वीसहून जास्त मिनिटं कापून त्याला साहसपट बनवलं होतं. त्यानंतर घिबलीने परदेशी वितरकांना कात्री लावू न देण्याचा नियमच केला. आज नेटफ्लिक्सवर दिसतो तो चित्रपट पूर्ण आहे.

आधी काय घ्यावं? चित्रपट. मांगा आधी वाचली तर चित्रपट भाबडा वाटतो आणि तो अन्याय ठरेल. चित्रपट आधी पाहिला, त्यावर मनापासून विश्वास ठेवला, की मांगेचे शेवटचे तीन खंड जसे अंगावर यायला हवेत तसे येतात. इंग्रजी अनुवाद मिळतो, उजवीकडून डावीकडे वाचायचा. उरलेल्या खंडांवर दुसरा चित्रपट व्हावा अशी मागणी अधूनमधून निघते. माझं मत विरोधात. सातही खंडांची गोष्ट रंगमंचावर आलेली आहे: डिसेंबर २०१९ मध्ये तोक्योच्या शिनबाशी एन्बुजो नाट्यगृहात ती काबुकी म्हणून झाली आणि ती मांडायला दुपारचा आणि रात्रीचा असे दोन प्रयोग लागले. एवढ्या ऐसपैस वेळाला तयार असणारा निर्माता चित्रपटाच्या धंद्यात मला तरी दिसत नाही.