मे महिन्यात गाव भरते, गल्ला का भरत नाही?



शाळांच्या परीक्षा संपल्या की आमच्या श्रीवर्धनचा चेहरा बदलतो. मुंबईहून येणाऱ्या एस.टी. गाड्या खचाखच भरून येतात. अकरा महिने कुलूप असलेली घरे उघडतात, अंगणे झाडली जातात, माळ्यावर आंब्याची आढी लागते. संध्याकाळी जीवना बंदरावर मासळी घ्यायला गेले की वर्षभर न दिसलेले दहा चेहरे भेटतात. मुले रात्री दिव्यांच्या उजेडात क्रिकेटच्या स्पर्धा भरवतात. उर्दू शाळेचे जुने विद्यार्थी एकत्र जमतात. जमातीची हिशेबाची बैठकही बहुधा याच महिन्यात होते, कारण मुंबईकर सभासद हजर असतात. आणि लग्ने तर विचारूच नका. एका दिवशी तीन-तीन दावती असतात. कोणाच्या निकाहला कोणी जायचे याच्या घराघरांत वाटण्या होतात. शेजारच्या हिंदू आणि कोळी बांधवांची लग्नेही याच दिवसांत असतात. त्यांचे मांडव आमच्याकडे आणि आमचे निमंत्रण त्यांच्याकडे, असा हा महिना जातो.

ही रौनक पाहून बाहेरचा माणूस म्हणेल, या गावातल्या कापड दुकानदाराची चांदी असणार! मी या गावात तीस वर्षांहून अधिक काळ कापड विकतो. माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, मराठी बोलायला-लिहायला मी गिऱ्हाइकांकडून शिकलो. त्यामुळे साध्या भाषेत सांगतो. मे महिन्यात गाव भरते, पण गावातला गल्ला भरत नाही. माणसे इथे येतात, त्यांचा पैसा मात्र त्याआधीच मुंबईत खर्च झालेला असतो.

यंदाचीच गोष्ट. माझ्या दुकानाच्या ओट्यावर एक शिंपी एकोणीस वर्षांपासून मशीन टाकून बसतात. आम्ही त्यांना मास्टर म्हणतो. मे महिन्यात त्यांच्यापुढे कपड्यांचा ढीग होता. मी खूश होऊन म्हणालो, "मास्टर, सीझन बरा दिसतो." ते म्हणाले, "भाईजान, यातला एकही जोडा मी शिवलेला नाही. सगळी फिटिंग आहे." म्हणजे नवरीचा वीस हजारांचा जोडा मुंबईहून आला, तो खांद्यात ढिला निघाला, बाही लांब झाली, आणि उद्या निकाह. तो दुरुस्त करण्याची मजुरी ऐंशी रुपये, आणि तीही "नंतर देतो" म्हणून वहीवर. वीस हजार रोख तिकडे, ऐंशी रुपये उधार इकडे. मास्टर आता पावसाळ्यानंतर भिवंडीला जाण्याच्या विचारात आहेत. तिथे रेडीमेडच्या कारखान्यात नगावर पैसे मिळतात, आणि ते आठवड्याला हातात पडतात.

मास्टर गेले तर एका कुटुंबाचे बिऱ्हाड हलेल एवढेच नाही. ड्रेस मटेरियल, अस्तर, पॉपलिन, पायजम्याचे कापड हे सर्व शिवणारा हात जवळ असेल तरच विकले जाते. शिंपी उठला की कापडवाला उठतो. कापडवाला उठला की लेस, बटण, दोरा विकणारा उठतो. एक माणूस गेला की सगळी साखळी सुटते.

आता कोणी म्हणेल, ज्याला परवडेल तो दुकान चालवील, नाही तर बंद करील. यात समाजाने काय करायचे? हा प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तर मी गेल्या काही वर्षांच्या अनुभवावरून देतो.

आपले हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असते. त्यामुळे रमजान दरवर्षी मागे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांनी त्याच ऋतूत परत येतो. १९८६ च्या सुमारास रमजान मे महिन्यात होता, तेव्हा वडील गल्ल्यावर बसत. नंतर २०१८ मध्ये पहिला रोजा १७ मे रोजी आला, २०१९ मध्ये ७ मे रोजी. त्या दोन वर्षी लग्ने पुढे-मागे झाली आणि मेचा धंदा विखुरला. ते आम्ही समजून घेतले, कारण ईदचा कपडा तरी विकला गेला. पण २०२० मध्ये मार्चपासून टाळेबंदी लागली आणि २५ मेची ईद लोकांनी जुन्या कपड्यांत घरीच केली. त्यानंतर नऊच दिवसांनी, ३ जूनला, निसर्ग चक्रीवादळ आले. २०२१ मध्ये एप्रिलपासून पुन्हा निर्बंध होते, १४ मेची ईदही तशीच गेली. असे एकामागून एक चार मे महिने हातातून गेले.

त्या दिवसांत गावातल्या दुकानाची किंमत कळली. टाळेबंदीत मुंबईचा रस्ता बंद होता. बाळंतिणीला लागणारे मऊ कापड, मुलांचे कपडे, मास्कसाठी सुती कापड, सर्व इथूनच गेले. आणि जी गोष्ट कोणीही आधी खरेदी करून ठेवत नाही, तो कफनाचा लठ्ठाही इथूनच गेला. रात्री दीड वाजता दरवाजा वाजला तर आम्ही दुकान उघडले आहे. त्या वेळी कोणाला पैसे विचारले नाहीत, विचारायचेही नसतात. पण रात्री दीड वाजता उघडणारे दुकान हवे असेल, तर ते दिवसा चालले पाहिजे. एवढे साधे गणित आहे.

गावानेही आम्हाला सांभाळले, हे न सांगणे नाइन्साफी होईल. निसर्ग वादळात दुकानाचे पत्रे उडाले आणि ताके भिजले. सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या होत्या. सुपारीचे नवे झाड लावले तर फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात, म्हणजे वाडीवाल्यांच्या हातात पैसा नव्हता. कित्येक दिवस वीज नव्हती. आम्ही ताके उन्हात वाळत घातले, पण डाग पडलेले कापड कोण घेणार? तेव्हा कोळीवाड्यातली एक जुनी गिऱ्हाईक आली. म्हणाली, "सेठ, आमच्या घरचे पण पत्रे उडाले. पडद्याला डागाचं कापड चालतं. भाव अर्धा करू नका, थोडा कमी करा." तिच्या मागून आणखी माणसे आली. पंधरा दिवसांत निम्मा माल निघाला. त्या पैशावर मी दुकानाचे छप्पर घातले. म्हणून मी म्हणतो, दुकान आणि गाव यांचे नाते फक्त भावाचे नसते.

पण दोष फक्त गिऱ्हाइकांना देऊन चालणार नाही. मुंबईला लोक का जातात? मंगलदास मार्केटमध्ये एका फेरीत शंभर नमुने दिसतात. आमच्याकडे गेल्या वर्षीचा माल "नवा आहे" म्हणून पुढे केला जातो. एकाला एक भाव, दुसऱ्याला दुसरा, हे गिऱ्हाईक ओळखते. शिंपी गुरुवारचा वायदा करतो आणि रविवारी कपडा देतो. आता मोबाइलवरही माल घरपोच येतो, आणि नको असेल तर परत जातो. आमच्याकडे परत आणलेल्या कापडाला आम्ही नाक मुरडतो. मग गिऱ्हाईक का थांबेल? गावाचा म्हणून माल घ्या, असे म्हणण्याचा हक्क आम्हाला आधी मिळवावा लागेल.

दुसरा प्रश्न उधारीचा. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत बंदरावरचा पैसा थांबतो, पर्यटक कमी होतात, रस्त्यावर पाऊस असतो. मेमधली उधारी ३१ तारखेच्या आत आली नाही तर ती गणपतीपर्यंत येत नाही, आणि मुंबईकराकडे राहिली तर पुढच्या मेपर्यंत. इकडे आमच्या घाऊक व्यापाऱ्याची मुदत मात्र जूनमध्येच संपते. जी कुटुंबे आखातात आहेत, त्यांच्या मुलांच्या शाळांना मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये असते. ती पावसात येतात, तेव्हा थोडा आधार मिळतो. पण त्यावर वर्ष निघत नाही.

उधारी मागितली की लोकांना अपमान वाटतो. वास्तविक कुरआन शरीफमध्ये सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार मुदत ठरवून आणि साक्षीदारासह लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. लिहिण्यात अविश्वास नाही, उलट मैत्री टिकवण्याचा तो मार्ग आहे. आम्ही "आपलाच माणूस आहे" म्हणून तारीख लिहीत नाही, आणि मग त्याच आपल्या माणसाशी दोन वर्षे बोलणे बंद होते.

मग करायचे काय? माझ्या अल्प बुद्धीला सुचते ते असे :

(१) लग्नघरांनी यादीचे दोन भाग करावेत. नवरीचा जोडा मुंबईहून आणायचा असेल तर खुशाल आणा, तो हौसेचा भाग आहे. पण चादरी, रजईची खोळ, अस्तर, पडदे, आहेराचे कापड, मुलांचे पायजमे-कुडते हे गावात घ्या आणि गावात शिवून घ्या. समजा एका लग्नाचे कापड ऐंशी हजारांचे आहे आणि त्यातले पंचवीस हजारांचे गावात घेतले. अशी वीस लग्ने झाली तर पाच लाख रुपये गावात फिरतात. त्यात एका शिंप्याचे नव्हे, चार शिंप्यांचे वर्ष सुधारते.

(२) दुकानदारांनी जानेवारी-फेब्रुवारीतच लग्नघरी विचारणा करावी. त्या वेळी घरातली मोठी माणसे फोनवर भेटतात, नमुन्यांचे फोटो पाठवता येतात. आपल्या तीन-चार दुकानांनी मिळून घाऊक खरेदी केली तर चादरी आणि अस्तराचे ताके स्वस्त पडतील आणि गाडीभाडे वाटले जाईल. आपापसातल्या चढाओढीत आपण हे कधी केले नाही. भाव एकच ठेवावा आणि तो कापडावर लिहावा.

(३) शिंपी बांधवांनी दिलेली तारीख पाळावी. जमत नसेल तर काम घेऊ नये. वायदा मोडणाऱ्या हाताला कला असूनही बरकत राहत नाही.

(४) उधारी वहीवर तारखेसह लिहावी आणि मेची उधारी ३१ मेपूर्वी फिटावी, अशी विनंती जमातीने जुमाच्या नमाजनंतर करावी. नावे कोणाचीही घेऊ नयेत. गाव सोडण्यापूर्वी किराणा, कापड, शिंपी, सुतार यांचा हिशेब मिटवायचा, एवढा रिवाज पडला तरी पुष्कळ होईल.

(५) क्रिकेटच्या स्पर्धेसाठी आपली मुले आठ दिवसांत मैदान, दिवे, बक्षिसे सगळे उभे करतात. त्याच मुलांनी मे महिन्यात दोन दिवस शाळेच्या आवारात कारागिरांची पेठ भरवावी. गावात भरतकाम करणाऱ्या भगिनी आहेत, सांदण आणि नानखटाई करणाऱ्या आहेत, फर्निचर करणारे सुतार आहेत. त्यांचा माल मुंबईकरांना ठाऊकच नाही. जागेचे भाडे घेऊ नये. सर्व समाजाच्या कारागिरांना बोलवावे, कारण बाजार सर्वांचा असतो.

(६) पुढची वर्षे आतापासून पाहावीत. २०२८ आणि २०२९ मध्ये मोहर्रम मे महिन्यात सुरू होईल, असा हिशेब आहे. काही घरांत त्या महिन्यात लग्न न करण्याचा रिवाज आहे. म्हणजे लग्ने पुन्हा पुढे-मागे होतील. ज्याने हे आज वहीत लिहिले, तो माल भरताना फसणार नाही.

यातली एकही गोष्ट मोठ्या भांडवलाची नाही. सरकारकडे अर्ज करण्याचीही जरूर नाही. जमातीच्या एका बैठकीत ठरू शकते. हिशेबाच्या बैठकीत आपण मशिदीच्या रंगाविषयी दोन तास बोलतो. अर्धा तास गावातल्या रोजगाराविषयी बोललो तर सवाबच होईल.

मी मास्टरांना एक मे थांबण्याची विनंती केली आहे. त्यांनी हो म्हटलेले नाही, नाहीही म्हटलेले नाही. म्हणाले, "जानेवारीत दहा जोड्यांचे काम आगाऊ मिळाले तर थांबतो." दहा जोडे! एवढ्या मोठ्या गावातून दहा लग्नघरे निघू नयेत का? मी माझ्या घरापासून सुरुवात केली आहे. भाचीचे लग्न पुढच्या मेमध्ये आहे. तिच्या निकाहचा जोडा मास्टरच शिवणार आहेत, आणि मजुरीचा अर्धा पैसा मी आजच दिला आहे. उरलेल्या नऊ घरांची मी वाट पाहतो. इन्शाअल्लाह, निघतील.